पुढील स्टेशन ठाणे

थेरपीच्या ताईंनी विचारलं, "एका विद्यार्थिनीला प्रबंधासाठी मराठी बोलणारी ऑटिस्टिक मुलं हवी आहेत. सोनूला घेऊन याल का?" मी सरळ नाही म्हटलं. माझा मुलगा सोनू ८ वर्षांचा आहे. साडेतीन वर्षांचा असताना निदान झालं, आणि तेव्हापासून त्याला इतक्या जणांनी तपासलंय की नव्या खोलीत पाऊल टाकताना माझ्याच पोटात गोळा येतो. कानांची तपासणी, ऑटिझम किती आहे हे मोजणाऱ्या 'आयसा' या भारतीय चाचणीची ४० विधानं आणि प्रत्येकाला १ ते ५ गुण, प्रमाणपत्रासाठीच्या रांगा. त्याच्या बोलण्यापुढे दर ठिकाणी कुणी ना कुणी काहीतरी लिहिलेलं: असंबद्ध, पोपटपंची, निरर्थक पुनरावृत्ती. त्यात आणखी एका कागदाची भर कशाला?

दोन दिवसांनी त्या मुलीचाच फोन आला. "ताई, तो तीच तीच वाक्यं म्हणतो ना, ती नेमकी कधी म्हणतो तेवढं मला बघायचंय." 'कधी' हा प्रश्न आजवर कुणी केला नव्हता. आम्ही गेलो.

पहिला दिवस सगळा संमतीपत्रातच गेला. चार पानं, मराठीत. मी ओळ न् ओळ वाचली, आणि असा कागद समोर आलेल्या प्रत्येक आईबापाने वाचावी असं मला मनापासून वाटतं. व्हिडिओ कुठे ठेवणार, कोण बघणार, नाव लिहिणार की नुसता क्रमांक, मधेच सोडलं तर थेरपीवर परिणाम होईल का, सगळं विचारलं. तिनेही न कंटाळता सांगितलं. मी सही केली आणि पर्स उचलली, तर ती म्हणाली, "आता सोनूला विचारायचंय."

आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे ७ ते ११ वर्षांच्या मुलाची तोंडी संमतीही घ्यावी लागते, पालकांच्या समोर. मला हे ठाऊकच नव्हतं. इतक्या वर्षांत इतक्या तपासण्या झाल्या, पण "तुला चालेल का रे?" असं त्याला कुणीही विचारलेलं नव्हतं. मीसुद्धा नाही.

पण विचारायचं कसं? सोनूला "हवं की नको?" म्हटलं की तो "नको" म्हणतो. "नको की हवं?" म्हटलं की "हवं". शेवटचा शब्द उचलतो. आमच्यासारख्या घरांमध्ये हे सगळ्यांना माहीत असतं. तिलाही माहीत होतं. तिने दोन चित्रं पुढे ठेवली, एक खेळण्यांचं, एक दाराचं. चित्रांच्या जागा बदलून तीनदा विचारलं. तिन्ही वेळा त्याने खेळण्यांवर बोट ठेवलं. मग ती माझ्याकडे वळली, "नकोसं झालं की घरी तुम्हाला कसं कळतं?"

मी पटकन म्हणाले, "पुढील स्टेशन ठाणे म्हणतो."

थेरपीसाठी आम्ही डोंबिवलीहून स्लो लोकल पकडतो. कोपर, दिवा, मुंब्रा, कळवा. कळवा सुटलं की घोषणा होते आणि आम्ही उठून दाराकडे सरकतो. गर्दी, घाम, धक्के, सगळं आता संपणार असतं. म्हणून सोनू न्हाव्याच्या खुर्चीत "पुढील स्टेशन ठाणे" म्हणतो, दाताच्या डॉक्टरांकडे म्हणतो, गणिताची वही उघडली की म्हणतो. मला ते दोन वर्षं कळत होतं, पण हे कुणाला सांगण्यासारखं आहे असं कधी वाटलंच नाही. शाळेच्या अहवालात 'रेल्वेच्या घोषणा म्हणत राहतो' एवढंच होतं. तिने ते वाक्य फॉर्मच्या अगदी वरच्या कोपऱ्यात लिहून घेतलं. त्यापुढे: 'हे ऐकताच रेकॉर्डिंग थांबवणे.'

पहिलं रेकॉर्डिंग ११ मिनिटांत थांबलं. वाळूच्या खेळण्यावर हात पडला, वाळू त्याला सोसली नाही, आणि ते वाक्य आलं. तिने तत्क्षणी कॅमेरा बंद केला आणि दार उघडलं. सोनू बाहेर गेला, पंख्याखाली उभा राहिला, पाच मिनिटांनी आपणहून आत आला. एरवी तो एकदा बाहेर पडलेल्या खोलीत परत पाऊल ठेवत नाही.

मग चार दिवस घरचं रेकॉर्डिंग झालं. खिशात छोटं यंत्र, बाकी रोजचंच. खरं काम त्यानंतर सुरू झालं. तिने प्रत्येक वाक्य लिहून आणलं होतं आणि मी शेजारी बसून सांगायचं: हे मूळ कुणाचं, कुठलं, पहिल्यांदा कधी ऐकलं, तेव्हा काय चाललं होतं. तीन दुपारी आम्ही एवढंच केलं. "हळू, गरम आहे" हे तो कुत्रा दिसला तरी म्हणतो, कारण लहानपणी एकदा चहा सांडला तेव्हा मी तसं ओरडले होते. भीतीला त्याने ठेवलेलं ते नाव आहे. तिने सांगितलं, की लिओ कॅनर या बालमानसोपचारतज्ज्ञांनी १९४३ मध्ये ११ मुलांचं वर्णन करून ऑटिझमवरचा गाजलेला लेख लिहिला, आणि १९४६ मध्ये त्यांनी अशाच एका मुलाबद्दल लिहिलंय. बडबडगीत म्हणता म्हणता आईच्या हातून भांडं पडलं, आणि तेव्हापासून भांड्यासारखं काही दिसलं की तो त्या गाण्यातले दोन शब्द म्हणायचा. १९८१ मध्ये प्रिझंट आणि ड्युकन या संशोधकांनी ४ मुलांच्या व्हिडिओंवरून दाखवलं, की ऐकल्याबरोबर जसंच्या तसं परत म्हटलेलं वाक्यही ७ वेगवेगळी कामं करतं. म्हणजे मी शाळेत जात होते तेव्हाही हे माहीत होतं! आणि माझ्या मुलाच्या कागदावर 'निरर्थक' लिहिलं गेलं.

मराठीत एक जास्तीची गंमत आहे, आणि ती तिच्या अभ्यासाच्या मुळाशी होती. इंग्रजीत मूल 'मी'च्या जागी 'तू' म्हणतं, एवढंच दिसतं. आपल्याकडे क्रियापद बोलणाऱ्याचं लिंगही सांगतं. सोनू "मी जेवते", "मी दमले" म्हणतो, म्हणजे वाक्य कुणाच्या तोंडून आलंय ते ऐकताच कळतं. म्हणून यादीत "आलो गं मी" दिसलं तेव्हा मी हरखले. "हे बघा, बरोबर बोलला!"

ती जरा थांबली. "घरी असं कोण म्हणतं?"

मग तिने आवाज लावला. 'आलोऽ' वर तो हेल, शेवटच्या 'मी'ला दिलेला झटका. त्या माझ्या सासूबाई होत्या. त्या कोल्हापूरकडच्या, तिकडे बायकाही "मी आलो, मी गेलो" म्हणतात. देवळातून आल्या की दारात त्या असंच म्हणतात.

मला रडू आलं, आणि ते व्याकरण चुकल्याचं नव्हतं. सोनू चार वर्षांचा असताना एका ठिकाणी आम्हाला बजावलं होतं, की याच्याशी फक्त इंग्रजी बोला, दोन भाषांनी गोंधळ होईल. सासूबाईंना इंग्रजी येत नाही. वर्षभर त्या नातवाशी एक शब्द बोलल्या नाहीत. बोलल्या तर आपल्यामुळे त्याचं नुकसान होईल, या धास्तीने त्याच्यापाशी बसायच्या आणि गप्प राहायच्या. दारात मला दिलेली ती हाक तेवढी होती. आणि पठ्ठ्याने ती हेलासकट जपून ठेवली होती. दोन भाषांच्या घरातली ऑटिस्टिक मुलं केवळ त्यामुळे मागे पडत नाहीत, असंच आजवरच्या अभ्यासांतून दिसलंय, हे मला या मुलीकडून कळलं. ते वर्ष सासूबाईंना कोण परत देणार? घरी जाऊन मी त्यांना ते रेकॉर्डिंग ऐकवलं. त्यांनी तीन वेळा ऐकलं आणि काही न बोलता सोनूला तूपगूळ-पोळीचा लाडू करून दिला.

कागदावर माझीही वाक्यं होती. पहिल्या १० मिनिटांत मी ४३ प्रश्न विचारले होते. हे काय? रंग कोणता? किती आहेत? उत्तरं मला माहीत असलेलेच सगळे. तिने त्यावर काही शेरा मारला नाही. डेमियन मिल्टन हे स्वतः ऑटिस्टिक असलेले अभ्यासक २०१२ पासून सांगतायत, की न समजण्याची अडचण दोन्ही बाजूंनी असते, एवढंच ती म्हणाली. आता मी त्याच्याशेजारी बसते, तो जे करतोय ते करते आणि वाट बघते. कठीण जातं. जमतंय हळूहळू.

तिचं काम अजून चालू आहे. आमच्याकडे राहिली ती एक दोनशे पानी वही. डावीकडे वाक्य, उजवीकडे त्याचा अर्थ. शाळेच्या बाईंना तिची झेरॉक्स दिली आहे, रिक्षावाल्या काकांना पहिलं पान.

मे महिन्यात नात्यातल्या लग्नाला गेलो होतो. बँड वाजत होता, पंगत बसायची होती. सोनू माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "पुढील स्टेशन ठाणे." मी पर्स शोधेपर्यंत सासूबाई उठल्या होत्या आणि चपलांच्या ढिगातून त्याचा जोड शोधत होत्या.