माटव पडत नाही, उडतो

लग्नाला २१ दिवस

तळकोकणातलं अंगण, वैशाखातलं लग्न. पूर्वी चार पोफळी उभ्या करून वर बांबू आणि झावळांची झापं टाकली की माटव, म्हणजे मांडव, तयार व्हायचा. आता घराला लाकडी गझेबो (खांबांवर छप्पर असलेला, चहूबाजूंनी उघडा मंडप) हवा आहे आणि तो पावसाआधी सोडवून पडवीत रचून ठेवता यायला हवा. म्हणजे चिकटवायला सरस नको, खिळे नकोत. कुसू (लाकडाच्या टोकाला कोरलेली, दुसऱ्या लाकडाच्या भोकात बसणारी जीभ), खुंटी आणि नटबोल्ट.

माप ठरलं: खांबाच्या मध्यापासून मध्यापर्यंत १२ फूट चौरस. कागदावर १० फूट पुरेसे वाटतात. पण प्रत्यक्ष जमिनीवर पाट मांडून वर, वधू, दोघांचे आईवडील, मामा, भटजी आणि होमकुंड बसवून बघावं. सप्तपदीला वाट उरत नाही आणि कुणाचा तरी पदर कुंडावरून जातो. सहाकोनी गझेबो फोटोत देखणा, पण त्याचा प्रत्येक सांधा तिरका. तीन आठवड्यांत चौरसच बरा.

लाकडाचा हिशोब (इंच गुणिले इंच गुणिले फूट, भागिले १४४ म्हणजे घनफूट): खांब ५×५, १२ फुटी, चार. तुळया ५×६, १४ फुटी, चार. कोनवासे (कोपऱ्यातून माथ्याकडे जाणारे वासे) ३×५, १२ फुटी, चार. मधले वासे २×४, ९ फुटी, चार आणि कोनवाशावर टेकणारे आखूड वासे २×४, साडेपाच फुटी, आठ. तिरके टेकू २×४, ३ फुटी, आठ. बेरीज ३१ घनफुटांच्या आसपास येते. करवतीत, रंध्यात आणि गाठीत जाणारं धरून ३४ घ्यायचं.

लग्नाला १९ दिवस

मोडलेल्या घराचं जुनं सागवान मिळत असेल तर तेच घ्यावं. ते पुरतं वाळलेलं असतं, पिळत नाही. ओलं लाकूड आज सरळ दिसतं आणि दहा दिवस उन्हात राहिलं की खांबाचा माथा अर्धा इंच फिरतो, मग तुळई बसत नाही. जुन्या लाकडाचा एकच त्रास, पोटात तुटलेले खिळे. रंधा लावण्याआधी चारही बाजूंवरून चुंबक फिरवायचा. एक खिळा चुकला तर रंध्याचं पातं गेलंच.

अंगणातलं स्वतःचं सागवान तोडून वापरू, असंही कुणीतरी सुचवतंच. सागाला १९६४ चा वृक्षतोड कायदा लागतो. झाड आपलं, जमीन आपली, तरी परवानगी लागते. शिवाय ते लाकूड लग्नापर्यंत वाळणारही नाही.

लग्नाला १४ दिवस

तुळया कोपऱ्यावर अर्ध्याला अर्धं अशा बसवल्या: ६ इंचांपैकी ३ खालच्या तुळईचे, ३ वरच्या. खांबाच्या माथ्याचं कुसू, दीड इंच जाड आणि ६ इंच उंच, दोन्हींतून आरपार. खुंटी बाभळीची. खुंटीची भोकं एका रेषेत पाडायची नाहीत. कुसवातलं भोक खांद्याकडे, म्हणजे कुसू खांबाला मिळतं तिकडे, एक सूत (इंचाचा आठवा भाग) सरकवायचं, म्हणजे खुंटी ठोकताना तुळई आपोआप खाली ओढली जाते. दोन सूत सरकवलं तर खुंटी अर्ध्यावर चिरते.

प्रत्येक सांध्यावर पटाशीने खुणा, खांबावर आणि तुळईवर सारख्याच: एक चीर, दोन चिरा, तीन, चार. पेन्सिल तेलाखाली दिसत नाही आणि खडू पुसला जातो.

लग्नाला १० दिवस

आज मुहूर्तमेढ. घरच्यांना पहिला खांबच मेढ म्हणून हवा आहे. हरकत नाही, पण मग सगळी मापं त्या एका खांबावरून निघतात. म्हणून खड्डा आधीच खणून, खुंट्या आणि सुतळीने जागा पक्की करून ठेवली. खाली जांभा असल्याने पहारीने अडीच फूट जायला अर्धा दिवस लागतो. मुहूर्त सकाळचा असेल तर आदल्या दिवशीच खणावं. खड्ड्यात सुपारी, नाणं, हळदकुंकू पडलं, आंब्याचा डहाळा बांधला. कुटाई मात्र लगेच करायची नाही. चारी खांब उभे करून कर्ण जुळवायचा: १६ फूट ११ इंच ५ सूत, दोन्हीकडून सारखा. चारी बाजू १२ फूट असल्या तरी कर्ण चुकला की चौकोन शंकरपाळ्यासारखा होतो, आणि ते कळतं थेट कोनवासे चढवताना. कर्ण जुळला की दोन बाजूंनी ओळंबा (खांब सरळ उभा आहे का ते बघायची वजनाची दोरी), आणि मग मुरूम व दगडाची खपली सहा-सहा इंचांचे थर देत कुटायची. सिमेंट नको, खांब काढता येत नाही आणि पाणी बुडाशी साचून राहतं. गाडल्या जाणाऱ्या भागाला तळासकट डांबर, वाळवीसाठी.

लग्नाला ८ दिवस

छप्पर. चढ ६ फुटांत ४ फूट. दीड फूट वळचण धरून कोनवासा ११ फूट ८ इंच ६ सूत भरतो, म्हणून १२ फुटी घेतले. माथ्यावरचा आठपैलू ठोकळा तात्पुरत्या टेकूवर नेमक्या उंचीला धरायचा आणि कोनवासे समोरासमोर जोडीने लावायचे. शेजारचे दोन आधी लावले तर ठोकळा पलीकडे ढकलला जातो आणि उरलेले दोन आखूड पडतात. मग कापणाऱ्याला दोष दिला जातो. तुळईवर बसण्यासाठी वाशाला पाडलेली खाच त्याच्या उंचीच्या तिसऱ्या हिश्श्याहून खोल नको.

आता खरा प्रश्न. गझेबो बांधणारे सगळे वजनाची काळजी करतात. हा सांगाडा वजनाने पडणार नाही. वैशाखात दुपारनंतर वळीव येतो, आधी वारा येतो आणि तो छपराच्या आत शिरून वर उचलतो. ताशी ६० किमी वाऱ्याचा दाब दर चौरस मीटरला साधारण १७ किलो. वळचणीसकट छप्पर २१ चौरस मीटर. सगळा दाब वर लागला असं धरलं तर ३५५ किलो. खांबांच्या वरचं लाकूड जेमतेम ४०० किलो, म्हणजे काठावर सुटतं. वारा ८० चा झाला की उचल ६३० वर जाते. खुंटी फक्त खालच्या तुळईला धरते, वरची टोपणासारखी निघू शकते. म्हणून प्रत्येक कोपऱ्यावर ३ मिमी जाडीच्या, २ इंची दोन लोखंडी पट्ट्या, एकेका तुळईसाठी एक, खांबापासून तुळईपर्यंत, १२ मिमीच्या बोल्टने. कोनवासेही तुळईला बोल्टने. ठेकेदार याला हमखास 'एवढ्याची गरज नाही' म्हणतो.

वर ताडपत्री नाही, कापडच, आणि तेही गाठी मारून नाही. ओढली की सुटेल अशी सुरगाठ, चारही कोपऱ्यांची दोरी खाली हाताला येईल अशी. आभाळ भरलं की कापड एका मिनिटात उतरलं पाहिजे. कापड उतरलं की वाऱ्याला धरायला काही उरत नाही.

लग्नाला ६ दिवस

उकळलेल्या जवसाच्या तेलाचा शेवटचा हात आज, याच्या पुढे नाही. तेल सुकायला दोन-तीन दिवस लागतात, दमट हवेत जास्तच, आणि चिकट खांबाला टेकलेल्या शालूचा डाग जात नाही. तेलाचे बोळे गोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. ते आपोआप तापतात आणि पेट घेतात. पसरून वाळवावेत किंवा पाण्यात बुडवावेत.

लग्नाला १ दिवस

होमकुंडाखाली पत्रा, त्यावर ३ इंच वाळू, वर विटांचे दोन थर. कुंडाच्या नेमकं वर ३ फूट चौरस कापड मोकळं सोडलं, धूर तिथून जातो. तिथे झेंडूच्या माळाही नाहीत. फुलवाला त्या लावतोच, म्हणून त्याला माळा अडकवायचे आकडेच दिले नाहीत.

संध्याकाळी सगळे नट पुन्हा आवळले. दहा दिवसांच्या उन्हाने लाकूड आटतं, आठवड्यापूर्वी घट्ट असलेला नट आज पाव फेरा फिरतो. तिसऱ्या खांबाचे दोन्ही बोल्ट अर्धा फेरा फिरले.