उपरण्याखालचा कॅमेरा

जळगावातली मे महिन्यातली दुपार. पंखा गरम वारा फेकत होता तोवर निदान तक्रार करायला काहीतरी होतं. वीज गेली आणि तेही संपलं. वारा घ्यायला पुठ्ठा शोधावा म्हणून ड्रॉवर उघडला, तर खाऱ्या बिस्किटाएवढं, कॅमेऱ्यात फोटो साठवायचं एक कॉम्पॅक्टफ्लॅश कार्ड हाती लागलं. १२८ एमबी!

२००३ साली मामाच्या स्टुडिओत ६ मेगापिक्सेलचा कॅमेरा आला, तेव्हा या कार्डाला लोखंडी कपाटात जागा होती. त्यात चांगल्या दर्जाचे चाळीसेक फोटो मावत. रीळ ३६ चं. "कर्ज काढून चार फोटो जास्तीचे आणले," मामी म्हणायची. मग मामा तिला कोडॅकच्या १९९१ च्या कॅमेऱ्याचं सांगे: १.३ मेगापिक्सेल, आणि फोटो साठवायची पेटी वेगळी, वायरीने जोडलेली, खांद्याला अडकवायची. मामीवर काही परिणाम होत नसे.

खरी फजिती ग्रुप फोटोत. फिल्मच्या जागी आलेला सेन्सर फिल्मपेक्षा लहान, त्यामुळे जुनी २८ मिमीची लेन्स ४२ सारखी वागे, म्हणजे चौकटीत कमी मावे. सगळं वऱ्हाड चौकटीत बसेपर्यंत मागे सरकायचं. यावलकडच्या एका लग्नात सरकत सरकत मी थेट आचाऱ्याच्या चुलीपाशी पोचलो. पाठीमागे वरणाचं पातेलं रटरटत होतं आणि आचारी हातातली बट्टी उगारून उभा होता. कॅमेरा वाचला, शर्ट गेला.

आणि तो पावणेदोन इंची स्क्रीन! खानदेशच्या उन्हात त्यावर आपलंच घामेजलेलं तोंड दिसायचं. मग कुणाचं तरी उपरणं मागायचं आणि डोक्यावरून घेऊन आत बघायचं. मामा म्हणे, त्याच्या लहानपणचे फोटोवाले तिपाईमागे असेच काळ्या कापडात शिरत. एवढे पैसे घालून आपण फिरून तिथेच आलो.

त्याच लग्नात नवरीची आजी माझ्या मागेच लागली, फोटो दाखव म्हणून. रिळाच्या काळात असं कुणी मागत नसे. शेवटी तिलाही उपरण्याखाली घेतलं. आत तंबाखूचा आणि हळदीचा वास. तिने स्क्रीनला नाक लावलं, बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, "डोया मिटेल शेतस. पुसी टाक."

पुसला. ती पदर सावरून पुन्हा उभी राहिली. तीनदा. चौथ्याला बॅटरीने मान टाकली, आणि गावात संध्याकाळपर्यंत भारनियमन.

तेव्हापासूनची खोड, मोबाईलवर फोटो काढला की मी लगेच स्क्रीन बंद करतो. घरचे हसतात.

या कार्डावर काय आहे कोण जाणे. ते लावायचं यंत्र कधीच भंगारात गेलं. पुठ्ठा काही सापडला नाही. कार्डानेच थोडा वारा घेऊन पाहिला, फारसा येत नाही.