नाद लागला तो असा

मागच्या वर्षी फेब्रुवारीत एका रात्री अडीच वाजता मी घरातले सगळे प्लग काढत फिरत होते. फ्रिज, वायफायचा डबा, टीव्ही, शेवटी इन्व्हर्टरसुद्धा. कुठून तरी बारीक शिट्टी येत होती, कुकरची नव्हे, जुने डबा टीव्ही चालू असले की यायची ना तसली, आणि एकेक बंद करत गेले तशी ती कमी व्हायच्या ऐवजी वाढतच गेली. नवरा डोळे चोळत दारात आला, म्हणाला काय चाललंय, मी म्हटलं अरे ऐकू येत नाहीये का तुला, तो म्हणाला "काय?" आणि मग आम्ही दोघं अंधारात काही न बोलता उभे राहिलो, कारण तोपर्यंत मला कळलं होतं की शिट्टी घरात नाहीये, माझ्या डाव्या कानात आहे.

याला टिनिटस म्हणतात, मराठीत कर्णनाद. माझ्या मामानं फोनवर ऐकून लगेच जाहीर केलं की अगं हा तर अनाहत नाद, योगी लोक यासाठी जन्मभर तप करतात आणि तुला कोथरूडमध्ये बसून फुकट मिळाला. मामा असाच आहे. पण नाद हा शब्द बघा ना, आवाजही तोच आणि व्यसनही तेच, आणि माझ्या बाबतीत दोन्ही एकमेकांत इतके गुंतलेले निघाले की कुठला कुठे संपतो ते मला अजून नीट सांगता येत नाही.

डॉक्टरांकडे जायला मी पाच आठवडे लावले. (तुम्ही लावू नका. माझं हळूहळू झालेलं होतं म्हणून चाललं. एका कानानं अचानक कमी ऐकू यायला लागलं तर ते प्रकरण वेगळं, तिथे दिवस मोजतात, उद्यावर टाकायचं नाही.) या पाच आठवड्यांत मी काय केलं तर रात्री रात्री जागून इंटरनेटवर वाचत बसले. जगभरातले शिट्टीवाले लोक एकमेकांना आपापली शिट्टी कशी आहे ते सांगत असतात, कुणाला रातकिडे, कुणाला प्रेशर कुकर, कुणाला समुद्र, कुणी वीस वर्षं झोपलेलं नाही, आणि ते वाचून मलाही झोप लागेना, आणि झोप नाही झाली की शिट्टी वाढते, आणि वाढली की परत वाचायचं. कॉफी बंद केली, मीठ कमी केलं, कुणीतरी सांगितलं म्हणून लसणाचं तेल कोमट करून घातलं, त्यानं फक्त उशीला वास आला.

शेवटी तपासणी झाली. एका छोट्या बंद खोलीत हेडफोन लावून बसवतात, हातात बटण देतात, आणि बीप ऐकू आली की दाबायचं. माझी पंचाईत अशी की बीप कुठली आणि माझी स्वतःची शिट्टी कुठली तेच कळेना, मी आपली दाबतेय बटण, बाहेरच्या मॅडमनी दार उघडून विचारलं "आत्ता का दाबलंत, मी तर काहीच वाजवलं नव्हतं." मग त्यांनी तुटक तुटक बीप लावली, तेव्हा कुठे जमलं. कागद हातात आला त्यावर उजव्या कानाचे लाल गोल आणि डाव्या कानाच्या निळ्या फुल्या. गोल सगळे वर, ओळीत. फुल्या ३००० हर्ट्झपर्यंत शहाण्यासारख्या चालल्या होत्या आणि ४००० ला एकदम खड्ड्यात, ८००० ला परत वर. मॅडम म्हणाल्या हा खड्डा गोंगाटाचा असतो, मोठे आवाज ऐकणाऱ्यांच्या कानात बरेचदा इथेच सापडतो, काय करता तुम्ही?

काय करते. सहा वर्षं ढोलताशा पथकात ताशा वाजवला. कॉलेजपासून. जून-जुलैमध्ये नदीपात्रात सराव सुरू व्हायचा आणि अनंत चतुर्दशीला मिरवणुकीत रांग थांबली की तास तास एका जागी, दोन्ही बाजूंना उंच इमारती, मधे शंभर ढोल आणि त्यावर ताशाची तर्री. कानात कापूस घालायचो. मॅडम हसल्याच, म्हणाल्या कापसानं मनाचं समाधान होतं, कानाचं नाही. ते सुटलं तर पुढे आयटीतली नोकरी, दिवसभर कॉलसाठी हेडफोन, आणि बसमध्ये, स्वयंपाक करताना, चालताना तेच हेडफोन गाण्यासाठी, बाहेर ट्रॅफिक असला की आवाज अजून दोन रेघा वर. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशोब त्यांनीच मला मागच्या कागदावर लिहून दिला, ८० डेसिबल असेल तर आठवड्याला ४० तास, ९० असेल तर ४ तास, आणि १०० असेल तर आठवड्याला वीस मिनिटं. वीस मिनिटं! आमचं एक आवर्तन संपत नव्हतं त्यात.

४००० हर्ट्झ म्हणजे किती तर पियानोची अगदी उजवीकडची शेवटची पट्टी ४१८६ ला लागते, तो टिचकीसारखा सूर. गाण्याचा सा तिथे नसतो, पण स, श, फ यांच्यातली हवा तिथल्या आसपास असते, आवाजाची धार तिथे असते. दोन वर्षं मी मुलीला ओरडत होते की पुटपुटू नकोस, नीट बोल. ती नीटच बोलत होती.

उपाय काय तर गोळी नाही. गेलेलं येत नाही, असलेलं सांभाळा, मेंदूला सवय होते, त्याला वेळ द्या. आणि पूर्ण शांततेत बसू नका, मागे काहीतरी हलकं चालू ठेवा, पंखा, पाऊस, काहीही. आणि ते रात्री वाचणं आधी बंद करा.

ते बंद केलं आणि मग बाकीचंही सुटत गेलं. ठरवून वगैरे नाही हं, डिटॉक्स हा शब्द ऐकला की मला काकडीचं पाणी आठवतं. तर माझं ऑनलाइन आयुष्य म्हणजे मुख्यतः गाणंच होतं. पुण्यातल्या सवाई गंधर्व महोत्सवाच्या, म्हणजे आमच्या सवाईच्या दिवसांत मी रोज रात्री रिक्षात बसून फेसबुकवर लिहायचे, आज कोण कसं गायलं, कुणाचा मध्यम कसा लागला, आणि घरी पोचेपर्यंत शंभर लाइक. कौतुक आवडायचं, खोटं कशाला बोलू. पण मंडपात गाणं चालू असताना माझ्या डोक्यात वाक्यं जुळत असायची. गायकानं गंधारावर न्यास केला, म्हणजे त्या सुरावर येऊन थांबला, की मी तो ऐकायच्या आधी त्याला उपमा शोधायचे. घराण्यांवरून भांडायचे, ज्या गायकांना मी आयुष्यात समोर बसून ऐकलं नाही त्यांच्याबद्दल छातीठोक लिहायचे. आणि नंतर नंतर तर रील्स. तीस सेकंदांत काय बसणार, तानच बसते, आलाप बसत नाही. दोन-तीन वर्षं तेच ऐकून माझं असं झालं की पूर्ण ख्याल लावला की दहाव्या मिनिटाला हात फोनकडे जायचा, अरे लय कधी वाढवणार.

फेसबुक, इन्स्टा दोन्ही उडवलं. व्हॉट्सॅप उडवता येत नाही, सोसायटीचा टँकर आणि मुलीची शाळा त्यावरच चालते. पण गाण्याचे सात ग्रुप सोडले, त्यातल्या एकात रोज सकाळी साडेसहाला भैरव यायचा आणि त्याखाली एकशे दहा नमस्कार. नणंद महिनाभर रागावली होती की वास्तुशांतीचे फोटो टाकले त्याला मी काही म्हटलं नाही. ते मिटलं. न मिटलेलं एक आहे. पथकातला आमचा एक दादा, ज्यानं मला ताशा धरायला शिकवला, तो गेला आणि मला तीन आठवड्यांनी कळलं, तेही मंडईत योगायोगानं. सगळ्यांनी धरलं होतं की तिनं वाचलंच असेल. त्याच्या घरी गेले तर वहिनी म्हणाल्या "तू आली नाहीस तेव्हा वाटलं गावात नसशील." यावर काय बोलणार. अजूनही मला ते सोडणं बरोबर होतं असंच वाटतं, पण हे त्याच हिशोबात धरावं लागतं, बाजूला ठेवता येत नाही.

आता तानपुऱ्याचं.

आईचा तानपुरा कपाटावर पडून होता, गोधडीत गुंडाळलेला, अकरा वर्षं. आई गेल्यापासून कुणी हात लावला नव्हता. मी आधी डॉक्टरांच्या सांगण्यावरून पावसाचं ॲप लावून बघितलं, त्यानं मला सारखं बाथरूमला जावंसं वाटायचं. मग तानपुऱ्याचं ॲप लावलं, ते बरं, पण दर चार ठोक्यांनी तेच, एकदा लक्षात आलं की ऐकवत नाही. म्हटलं आईचा काढून बघू. काढला तर तारा गंजलेल्या, एक खुंटी फिरत नाही, आणि छेडला तर आवाज बद्द, लाकडावर बोट मारल्यासारखा. जवारी गेलेली.

जवारी म्हणजे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, तारा ज्या घोडीवरून जातात तिचा वरचा भाग सपाट दिसतो पण त्याला अगदी नजरेला न दिसणारा उतार असतो, तार त्याला टेकत टेकत कंप पावते, आणि त्यात एक सुती दोरा घालून तो सुईच्या टोकाएवढा मागेपुढे केला की मधेच एका जागी तार उघडते. म्हणजे एका सुरातून वरचे सगळे सूर फुटून बाहेर पडतात. दोरा काढला तर तेच वाद्य मुकं.

हे काम पुण्यातही होतं, पण आईचा तानपुरा मिरजेचा, आणि आमचं आजोळ तिकडचं, म्हणून पुढची सीट आडवी करून, पट्टा बांधून, सातारा-कराडवरून नेला. मिरजेत दर्ग्याजवळ सतारमेकर गल्ली आहे, पूर्वी हत्यारं बनवणारी शिकलगार मंडळी, दीडशेहून जास्त वर्षांपूर्वी वाद्यांकडे वळलेली, २०२४ मध्ये इथल्या सतारीला आणि तानपुऱ्याला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं. भोपळे अजून पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतात. आणि त्याच दर्ग्याच्या आवारात किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेब यांची कबर आहे, १९३७ मध्ये ते गेले. त्यांचे शिष्य सवाई गंधर्व, त्यांचे शिष्य भीमसेनजी, ज्यांनी १९५३ मध्ये गुरूंच्या नावानं पुण्यात उत्सव सुरू केला. मी इतकी वर्षं सवाईवर पानंच्या पानं लिहिली आणि आजोळ मिरजेचं असून त्या कबरीपाशी एकदाही गेले नव्हते. गेले, पाच मिनिटं बसले, फोटो काढायला हात गेलाच खिशात. मग ठेवला.

ज्या चाचांनी जवारी काढली त्यांचं वय सत्तरच्या पुढे असणार. कानस दोनदा घासायची, तार चढवायची, छेडायची, तार उतरवायची, परत. चार तास. मी विचारलं तुम्हाला कळतं कसं कुठे थांबायचं, तर म्हणाले "बेटा, आपण नाही थांबत, तार थांबवते." आणि मग एकदम, मला वाटतं पावणेपाचला, जोडाच्या तारेनं, म्हणजे मधल्या दोन सा च्या तारांपैकी एकीनं, तोंड उघडलं आणि माझ्या डाव्या कानातली शिट्टी गेली. म्हणजे गेली नाही, तानपुऱ्याच्या आत कुठेतरी जाऊन बसली, सातव्या-आठव्या मजल्यावर, वरच्या सुरांच्या गर्दीत. मला रडू आलं ते बघून चाचा म्हणाले आईचा आहे का, मी म्हटलं हो. शिट्टीचं सांगितलं नाही.

आता रोज रात्री साडेनऊला अर्धा तास काळी चार पट्टीला लावून बसते. गात नाही, माझा गळा चांगला नाही. पंचम, जोड, जोड, खर्ज. लावायलाच दहा मिनिटं जातात, पहिल्या महिन्यात तर अर्धा तास लावण्यातच जायचा. शिट्टी कधी सापडते कधी नाही, आणि थांबले की हजर होते. डॉक्टर म्हणाल्या होत्या सवय होईल, ती कशी होते ते मला सांगता यायचं नाही, पण परवा मुलीनं विचारलं "आई, आहे का गं आत्ता?" तेव्हा मला थांबून ऐकून बघावं लागलं.

डिसेंबरात सवाईला गेले, मुकुंदनगरला. कानात फिल्टरचे इअरप्लग, स्पीकरपासून लांब, भारतीय बैठकीत मागे. बाजूच्या काकू प्लग बघून म्हणाल्या "अहो, गाणं ऐकायला आलात ना?" एका संध्याकाळी मारवा राग ऐकला, पन्नास मिनिटं तरी असेल, आणि घरी येताना रिक्षात नवऱ्यानं विचारलं कसं झालं तर मला म्हणता आलं ते एवढंच की रिषभ फार वेळ होता. पूर्वी यावर मी चारशे शब्द लिहिले असते.

सध्या कुरकुर एवढीच की पाऊस लागल्यापासून पंचमाची खुंटी घसरतेय. खडू लावून बघितला, दोन दिवस धरते, तिसऱ्या दिवशी छेडता छेडता मधेच कर्र करून सैल. चाचांना फोन केला, त्यांना तर आता फोनवर माझ्यापेक्षाही कमी ऐकू येतं, तीनदा ओरडून सांगितलं तेव्हा म्हणाले "पाऊस संपू दे, मग आणा, आता हात नका लावू." तर दसऱ्याच्या सुमारास परत मिरज. आईच्या एका मैत्रिणीचा तानपुराही न्यायचाय बरोबर, पण दोन तानपुरे आणि चार माणसं एका गाडीत कशी बसवायची ते अजून जमलेलं नाही.