परक्याच्या घरात राहायला संकोच नाही वाटत?

स्कॉटलंडच्या हायलंड्सचा विषय निघाला की लोक आधी किल्ल्यांचं विचारतात, मग हवेचं, आणि शेवटी हळूच मुद्द्यावर येतात: "हॉटेल सोडून बी अँड बी, म्हणजे कुणाच्या तरी घरातली खोली आणि सकाळचा नाश्ता, कशाला? परक्याच्या घरात राहायला संकोच नाही वाटत?"

वाटतो. पण मावशीच्या नणंदेकडे मुक्काम करताना वाटतो, त्याच्या निम्मासुद्धा नाही. तिथे आंघोळीला आधी कोणी जायचं, ताटातली पोळी नाकारायची कशी, निघायचं कधी, सगळंच मोघम. इथे खोली दुपारी चारनंतर तुमची, नाश्ता आठ ते नऊ, दहाला किल्ली परत. सगळं आधीच ठरलेलं, त्यामुळे कुणालाच कुणाची भीड नाही.

आम्ही राहिलो ते प्लॉक्टनला. इन्व्हरनेस शहराहून काइलच्या, म्हणजे या मार्गावरच्या शेवटच्या स्टेशनाच्या, आगगाडीने साधारण अडीच तास. हा लोहमार्ग १८७० मध्ये स्ट्रोमफेरीपर्यंत आला आणि १८९७ मध्ये काइलपर्यंत गेला. त्या स्ट्रोमफेरीला १८८३ मध्ये, रविवार देवाचा, त्या दिवशी कुणाला मासळी गाडीत भरू द्यायची नाही म्हणून मच्छीमारांनी दंगा केला होता, इतका तिकडे रविवार कडक. आजही त्या मार्गावर रविवारी गाड्या कमीच, तेव्हा शनिवारीच पोचा. गाव लॉख कॅरन या समुद्राच्या खाडीकाठी, अटलांटिकच्या वाऱ्याकडे पाठ करून बसलेलं. किनाऱ्यावर ताडासारखी झाडं दिसतात. कोकणातल्या माणसाने भुलू नये, ती मूळची न्यूझीलंडची.

आता नाश्ता, कारण दुसरा प्रश्न हमखास "शाकाहारी माणसाने काय करायचं?" हा असतो. आदल्या रात्री एक छापील कागद मिळतो, त्यावर खुणा करून द्यायच्या. अंडं, बेकन, चौकोनी लॉर्न सॉसेज, बीन्स, टोमॅटो, मश्रूम. ब्लॅक पुडिंग हे पुडिंग नव्हे. त्यात डुकराचं रक्त असतं, एवढं ध्यानात ठेवा. हॅगिस एरवी मेंढीच्या काळीज-फुप्फुसांचं असतं, पण शाकाहारी हॅगिस मात्र बिनधास्त मागा. एडिनबराच्या मॅक्सवीन यांनी ते १९८४ मध्ये काढलं. डाळी, ओट्स, भाज्या आणि मिरीचा चांगला ठसका. टॅटी स्कोन म्हणजे उकडलेल्या बटाट्याची, तव्यावर भाजलेली जाड दशमीच. पॉरिज ओट्सची, आणि जुन्या वळणाची माणसं ती साखर न घालता मीठ घालून खातात. मला तीच आवडली, घरच्यांनी मुकाट्याने मधाची बाटली पुढे ओढली.

पंचाईत होते ती रात्रीच्या जेवणाची. कोकणात घरगुती मुक्कामाला माणूस जातो तोच मुळी रात्रीच्या ताटासाठी. इथे नावाप्रमाणे पलंग आणि नाश्ता, बस. गावात खायला बहुतेक पबच, आणि त्याचं स्वयंपाकघर लवकर बंद होतं. जूनमध्ये सूर्य दहानंतर मावळतो, बाहेर लख्ख उजेड, त्यामुळे जेवायची वेळ झाल्याचं कळतच नाही. दुपारीच टेबल सांगून ठेवा. खोलीत किटली, चहा, शॉर्टब्रेड असतं, पण त्या किटलीत मॅगी शिजवू नका. धुराचा गजर नुसत्या वाफेनेही वाजू शकतो आणि मग अख्खं घर जिन्यात. ते गजर काही हौसेचे नाहीत. घरात पाहुणे ठेवायला आता स्कॉटलंडमध्ये परवाना लागतो. आधीपासून धंदा करणाऱ्यांनाही १ ऑक्टोबर २०२३ पर्यंत अर्ज करावा लागला, आणि त्यात आगीपासूनच्या बंदोबस्ताची चौकशी असते.

घरमालकीणबाई गप्पा मारतात का? मारतात, पण वाढता वाढता, आणि मुख्यतः पावसावर नाहीतर मिजेसवर. मिजेस म्हणजे चिलटांएवढे चावरे किडे, वारा पडला की झुंडीने येतात. पगार किती, मुलं किती, असलं काही विचारत नाहीत. आपणही विचारू नये.

तरी सगळ्यांनाच मी बी अँड बी सुचवत नाही. दहा जणांचा गोतावळा घेऊन रात्री पत्ते कुटायचे असतील तर सरळ आख्खं कॉटेज भाड्याने घ्या. तिथे स्वयंपाकघर मिळतं, पोहेही करता येतात.