खरवड

सर्वपित्री अमावास्येच्या दुपारी खिरीला साखर कमी पडली म्हणून शेजारच्या काकू वाटी घेऊन आल्या आणि स्वयंपाकघराच्या दारातच थबकल्या. ओट्यावरच्या पातेल्यात तीन दिवस भिजलेले गहू होते आणि त्यांचा आंबूस वास घरभर पसरला होता. "अगं, पावसाळ्यात कुरडया घालतेस?" त्यांनी विचारले. गव्हाचा चीक म्हटला की कुरडईच आठवायची, त्यांचेही काही चुकले नाही. मी म्हणाले, "कुरडया नव्हेत काकू, हलवा. उद्या संध्याकाळी आमचे नवे वर्ष लागते."

त्याला रोश हशाना म्हणतात खरे, पण आम्हा बेने इस्रायलांच्या, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंच्या, घरात तो नव्याचा सण. हे वर्ष ज्याने लागते तो तिश्री महिना अमावास्येनंतर सुरू होतो आणि अधिक महिना आमच्या पंचांगातही असतो, एकोणीस वर्षांत सात वेळा. त्यामुळे हा सण कधी गणपतीच्या तोंडावर येतो, तर कधी, २०२५ मध्ये आला तसा, घटस्थापनेच्या संध्याकाळी. सफरचंद मधात बुडवून खाणे, 'शना तोवा', म्हणजे 'शुभ वर्ष', म्हणणे हे सगळे होतेच. पण चिकाच्या हलव्यावाचून वर्ष बदलले असे मला अजून वाटत नाही.

गहू वाटायचे, फडक्यातून पिळून चीक काढायचा, तो रात्रभर निवळू द्यायचा आणि सकाळी वरचे पाणी अलगद ओतून टाकायचे. तळाशी राहिलेल्या दाट पांढऱ्या चिकात नारळाचे दूध, साखर, चिमूटभर मीठ आणि गुलाबी रंग घालून पातेले मंद आचेवर चढवायचे. गाईम्हशीचे दूध इथे चालत नाही, कारण जेवणात मटण असते आणि मांसाबरोबर दूध खायचे नाही, हा आमचा नियम. कोकणात येऊन राहिलेल्या आमच्या पूर्वजांची ही अडचण नारळाने परस्पर सोडवली.

त्यानंतर फक्त ढवळणे. आजी पाटावर बसून देखरेख करी आणि आम्हा मुलांना पाळीपाळीने शंभर वेळा ढवळायला लावी. दुसऱ्या दिवशी मशिदीत, म्हणजे आमच्या सिनेगॉगमध्ये, शोफार फुंकला जाई, तेव्हा त्या मेंढ्याच्या शिंगाचे शंभर नाद आजोबा बोटांच्या पेरांवर मोजत. हे दोन्ही शंभर एकच आहेत आणि आपले ढवळणे कमी भरले तर देव शोफारच्या वेळी हिशेब घेणार, अशी माझी बरीच वर्षे समजूत होती. आजीनेही ती दूर केली नाही. हलव्याने पातेल्याच्या कडा सोडल्या की ती उलथन्याने एक गोळा उचलून पाही, "झाला" म्हणे, आणि मग तो ताटात थापून वर बदामाचे काप पेरले जात.

माझा भाऊ आता इस्रायलमध्ये अश्दोदला असतो. वहिनी कॉर्नफ्लॉवर आणि चायनाग्रास वापरून अर्ध्या तासात हलवा करते आणि फोटो पाठवते: गुलाबी, नितळ, प्रत्येक वडी पट्टीने आखल्यासारखी. मी "छान" असे उत्तर लिहिते आणि मनात म्हणते, ही जेली झाली. माझ्या वड्या वाकड्या होतात, रंग कधी फिका पडतो तर कधी भडक होतो, पण माझ्या पातेल्याला खरवड धरते, वहिनीच्या धरत नाही, हा माझा वर्षानुवर्षांचा, कोणालाही न सांगितलेला मुद्दा आहे. तळाला लागलेली ती तपकिरी, चिवट, किंचित करपलेली खरवड मिळवण्यासाठी आम्ही भावंडे अक्षरशः एकमेकांचे केस ओढत असू.

यंदाही ती चांगली जाड धरली. काकूंकडे वड्यांची ताटली देऊन आले आणि पातेले मांडीवर घेऊन बसले. भांडायला कोणी नव्हते. दोन घास खाल्ल्यावर आठवले की मला खरवड कधीच आवडत नव्हती. ती भावाला मिळू नये, एवढ्यासाठीच मी भांडत असे. उरलेली डब्यात भरून ठेवली आहे.