आजीच्या घोट्यावरचा वण

आज आजीच्या पायाला तेल चोळताना घोट्यापाशी बोट अडकलं. पावलीएवढा वण. "नारू निघाला होता गं," म्हणाली, अगदी सहज. नारू म्हणजे अंगात वाढणारा लांब जंत. मग तासभर तेच.

गावाला पाणी एका बारवेचं, पायऱ्या उतरून पाय बुडवून घागर भरायची. पायावरचा फोड पाण्यात फुटला की नारूची मादी अळ्या सोडते. त्या गिळतो सायक्लॉप्स नावाचा पाण्यातला इवलासा जीव, आणि पाण्याबरोबर सायक्लॉप्स गिळतो आपण. वर्षभराने दोन हात लांब पांढरा दोरा कातडी फोडून बाहेर! आजीने तो काडीला गुंडाळत रोज बोटभर ओढला. तुटला की पाय भप्प सुजायचा.

लस नाही, औषध नाही. पाणी गाळून आणि पायऱ्यांच्या विहिरी बंद करूनच तो गेला. २००० साली भारत नारूमुक्त ठरला. आजी मात्र अजून फिल्टरच्या तोटीला फडकं बांधते.