जुन्या मोटारींच्या शर्यतीचं निवेदन: माझा अनुभव

बेळगावात माईक हातात घेणाऱ्यांची कमतरता नाही. गणेशोत्सव असो नाहीतर कुस्तीचं मैदान, प्रत्येक गल्लीत एखादा निवेदक सापडतोच. मीही शाळा सांभाळून हेच करतो. जुन्या मोटारींच्या हौशी मंडळींनी शर्यतीचं निवेदन कराल का असं विचारलं, तेव्हा मी आधी गाड्यांची यादी मागून घेतली.

आपल्याकडच्या बैलगाडी शर्यतीचा निवेदक जोडी सुटायच्या आधीच तिचं गाव, मालक, मागच्या मैदानातला नंबर सांगून मोकळा होतो. मोटारींच्या वेळी मात्र ‘आता येत आहे एक सुंदर लाल गाडी’ यावरच भागवतात. लाल रंग लोकांना दिसतोच की! दिसत नाही ते सांगायला निवेदक हवा.

आमची शर्यत होती वेळ पाळण्याची. ठरवून दिलेल्या वेळेच्या जो जास्तीत जास्त जवळ, तो पहिला. आधी पोचला तरी गुण जातात. हे न सांगता गाड्या सोडल्या तर बघणाऱ्याला काय कळणार? म्हणून मी एक जुनी शर्यत टिपून ठेवली. 1930 साली इंग्लंडमध्ये ब्रूकलँड्सला 500 मैलांची शर्यत झाली. बेंटली ताशी सुमारे 112 मैलांनी धावली, चिमुकली ऑस्टिन सेव्हन 83 ने. जिंकली ऑस्टिन, कारण लहान गाड्यांना वेळेची सवलत होती. हा हिशोब लोकांसमोर मांडणारा कुणी नसेल तर असा निकाल पचणार कसा?

पुस्तकी माहिती तेवढी झाली. खरं शिक्षण झालं उद्यमबाग या आमच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका म्हाताऱ्या मेकॅनिकमामांकडे. ते म्हणाले, “मास्तर, नुसतं बघून काय कळतंय ओ? डोळे मिटून आवाज ऐका की.” मग त्यांनी डबल क्लच दाखवला. क्लच दाबायचा, गिअर न्यूट्रलला आणायचा, क्लच सोडून ॲक्सिलरेटरला हलका झटका द्यायचा, परत क्लच, आणि मग खालचा गिअर. गिअरचा वेग आपोआप जुळवून घेणारा सिंक्रोमेश कॅडिलॅकने 1928 मध्ये आणला. त्याआधीच्या गाड्यांना ही कसरत करावीच लागे. चुकलं की गिअरचे दात करकरतात, आणि ते लांबवर ऐकू जातं.

परवानगी, पोलीस, मंडप ही कामं आयोजकांनी केली. मी प्रत्येक गाडीचा एक कागद केला: साल, इंजिन, ब्रेक कुठल्या चाकांना, मालकाने कुठला भाग स्वतः घडवून घेतला. माझ्यासोबत कन्नडमधून सांगणारा सहकारी होता, त्यालाही तोच कागद दिला.

शर्यतीच्या दिवशी वळणाआधी मी म्हटलं, “आता कुणी बोलू नका, फक्त ऐका.” इंजिनाचा सूर खाली आला, मध्येच एकदा उसळला, आणि गिअर करकर न करता बसला. टाळ्या पडल्या त्या चालवणाऱ्या आजोबांच्या पायांना! इतकी वर्षं निवेदन करतोय, पण अशी दाद मी पाहिली नव्हती. शेवटी पोचलेल्या गाडीला पहिला नंबर मिळाला, तेव्हा एकानेही हुज्जत घातली नाही.

आयोजकांना माझं मागणं एवढंच आहे. निवेदकाला यादी आठवडाभर आधी द्या, मालकांशी बोलू द्या, आणि त्याची खुर्ची पाहुण्यांच्या रांगेत न ठेवता वळण दिसेल अशा जागी ठेवा.